रोझेटाच्या दगडाची गोष्ट आपण कशी सांगतो?

१७९९ साली नेपोलियनच्या सैनिकांना इजिप्तमधील रशीद ऊर्फ रोझेटा या गावाजवळ एक दगड सापडला. त्यावर एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला होता. त्यांपैकी ग्रीक विद्वानांना वाचता येत होती. तिच्याशी ताडून पाहून शांपोल्यों या फ्रेंच विद्वानाने १८२२ मध्ये इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे सोडवले.

ही चार वाक्ये वर्गात सांगितली जातात, बालवाचकांसाठीच्या पुस्तकांत छापली जातात आणि प्रश्नमंजूषांत विचारली जातात. प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर बरोबर आहे. तरीही चारही एकत्र वाचल्यावर मनात जे चित्र उभे राहते ते चुकीचे आहे, असे आमचे म्हणणे आहे. आधी एक साधी वजाबाकी करू. १८२२ वजा १७९९ म्हणजे तेवीस वर्षे. दगडावरील लेखाचे ठसे आणि प्रती थोड्याच काळात युरोपभर पोचल्या होत्या. किल्ली हाती असताना कुलूप उघडायला तेवीस वर्षे का लागावीत? हा प्रश्न विद्यार्थी सहसा विचारत नाहीत, कारण गोष्ट ज्या पद्धतीने सांगितली जाते तिच्यात तो प्रश्न उभाच राहत नाही. आमचा पहिला आक्षेप हाच आहे.

उत्तर बरोबर, कारण चूक

चित्रलिपीतील कालनिश्चिती झालेला शेवटचा लेख फिले येथील मंदिरात आहे. तो इ. स. ३९४ चा. त्यानंतर ही लिपी वाचणारे कोणी उरले नाही. मात्र तिच्याविषयीच्या समजुती उरल्या. त्यांत सर्वांत वजनदार ठरला तो होरापोलो याच्या नावावर असलेला ग्रीक ग्रंथ. त्याचे हस्तलिखित १४१९ मध्ये ग्रीसच्या आंद्रोस बेटावर मिळाले, १५०५ मध्ये ते छापले गेले आणि पुढची तीनशे वर्षे युरोपातले अभ्यासक त्याच्या छायेत वावरले.

या ग्रंथात काय आहे? इजिप्शियन लोक 'मुलगा' हे सांगण्यासाठी बदक काढतात, कारण हा पक्षी आपल्या पिलांवर फार माया करतो. 'आई' सांगण्यासाठी गिधाड काढतात, कारण गिधाडांत नर नसतोच. 'उघडे' सांगण्यासाठी ससा काढतात, कारण ससा डोळे कधीच मिटत नाही.

आज आपण हसतो. पण येथे हसून पुढे जाणे योग्य नाही. इजिप्शियन लेखांत 'मुलगा' या शब्दासाठी बदकाचे चिन्ह खरोखरच येते. 'आई'साठी गिधाड येते. 'उघडणे' या शब्दात ससा असतो. होरापोलोची उत्तरे बरोबर आहेत, कारणे मात्र साफ चुकली आहेत. 'मुलगा' या अर्थाच्या शब्दाचा उच्चार आणि त्या बदकाच्या नावाचा उच्चार सारखा होता, एवढेच खरे कारण. मायेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हे मराठीत समजावणे अगदी सोपे आहे. 'नाव' म्हणजे होडी आणि 'नाव' म्हणजे माणसाचे नाव. समजा, आपल्याकडे अक्षरे नाहीत, फक्त चित्रे आहेत. 'तुझे नाव काय?' हे लिहिताना 'नाव' या शब्दाचे चित्र कसे काढणार? होडी काढावी लागेल. शेकडो वर्षांनंतर मराठी न येणारा एखादा पंडित ते चित्र पाहून म्हणेल, 'हे लोक फार तत्त्वज्ञ असले पाहिजेत. माणसाचे नाव त्याला संसारसागरातून पार नेते असे ते मानत, म्हणून ते होडी काढत.' पंडिताचा अर्थ बरोबर, स्पष्टीकरण सुंदर आणि तरीही पूर्णपणे चूक! होरापोलोचे नेमके हेच झाले.

गणिताच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना हा प्रकार परिचित असतो. चुकीच्या रीतीने आलेले बरोबर उत्तर हे चुकीच्या उत्तरापेक्षा अधिक त्रासदायक असते, कारण त्यामुळे रीत बरोबर आहे असा विश्वास बसतो. सतराव्या शतकात अथानासिउस किर्खर या जर्मन जेझुइट विद्वानाने याच विश्वासावर रोममधील स्तंभांवरचे लेख 'वाचले'. राजांची नावे आणि बिरुदे असलेल्या ओळींतून त्याने देवदेवता आणि विश्वातील गूढ शक्ती यांच्याविषयीची लांबलचक वाक्ये काढली. त्याची थट्टा करण्याची प्रथा आहे. पण याच किर्खरने इजिप्तच्या ख्रिस्ती चर्चमधील कॉप्टिक भाषा ही प्राचीन इजिप्शियन भाषेचेच उत्तरकालीन रूप आहे हे ओळखले आणि तिचा अभ्यास युरोपात रुजवला. हा धागा नसता तर पुढचे काही घडले नसते. एकाच माणसाच्या हातून एवढी मोठी चूक आणि एवढे मोठे काम झाले, हेही विद्यार्थ्यांना कळायला हवे.

दगड पुरेसा नव्हता

आता त्या दगडाकडे वळू. त्यावर 'तीन भाषा' आहेत असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. भाषा दोन आहेत, इजिप्शियन आणि ग्रीक, लिप्या तीन. इजिप्शियन मजकूर एकदा चित्रलिपीत आणि एकदा रोजच्या व्यवहारातल्या जलद लिपीत, म्हणजे डेमोटिकमध्ये आहे. इ. स. पू. १९६ मध्ये पाचव्या टॉलेमी राजाच्या सन्मानार्थ पुरोहितांनी केलेला तो ठराव आहे. ग्रीक मजकुराच्या ५४ ओळी आहेत, डेमोटिकच्या ३२. चित्रलिपीचा वरचा भाग मोडून गेल्यामुळे तिच्या फक्त १४ ओळी उरल्या आहेत आणि त्यांतही अखंड अशा थोड्याच.

या उरलेल्या भागात लंबगोल चौकटीत, म्हणजे कार्तुशात, लिहिलेले एकच राजनाम मिळते, ते टॉलेमीचे. कार्तुशात राजांची किंवा देवांची नावे असावीत असा तर्क फ्रेंच विद्वान बार्तेलेमी याने १७६१ मध्येच, म्हणजे दगड सापडण्यापूर्वी केला होता. १८०२ मध्ये सासी आणि स्वीडनचा ओकरब्लाड यांनी डेमोटिक भागातील काही विशेषनामे शोधली. पुढे सासीने आणखी एक मोलाची सूचना केली. चिनी लिपीत परकी नावे लिहिताना चिन्हांचा अर्थ सोडून केवळ उच्चार घेतात, तसेच इजिप्तमध्येही असेल.

हा दुवा पकडून पुढे गेला तो टॉमस यंग. प्रकाशाच्या व्यतिकरणाच्या प्रयोगामुळे आणि 'यंगच्या गुणांका'मुळे विज्ञानशिक्षकांना तो माहीत आहेच. १८१९ मध्ये 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'च्या पुरवणीतील लेखात त्याने टॉलेमीच्या नावातील चिन्हांना ध्वनी दिले. त्यांतले काही अचूक होते, काही अर्धवट. डेमोटिक ही चित्रलिपीपासूनच उतरलेली आहे आणि तिच्यात ध्वनिचिन्हांबरोबर इतर चिन्हेही मिसळलेली आहेत, हेही त्याने ओळखले.

पण सासीच्या सूचनेत जशी वाट होती तशी भिंतही होती. ध्वनिचिन्हे फक्त परक्या नावांसाठी, खुद्द इजिप्शियन शब्द मात्र भावचिन्हांनीच लिहिलेले, असे यंगने धरून चालले. शांपोल्योंचेही यापेक्षा बरे नव्हते. १८२१ मध्ये ग्रनोबल येथे छापलेल्या पुस्तिकेत त्याने चित्रलिपीपासून निघालेल्या हायरॅटिक लिपीची चिन्हे ध्वनीची नसून वस्तूंची आहेत, असे ठामपणे लिहिले होते. सर्व पुरावा समोर असूनही होरापोलोची समजूत हलत नव्हती. तेवीस वर्षांचे उत्तर येथे आहे. उणीव पुराव्याची होती त्यापेक्षा अधिक ती प्रश्नाची होती.

आणि पुरावाही अपुराच होता. एका नावावरून ध्वनी ठरवणे म्हणजे एका समीकरणातून अनेक अव्यक्ते काढण्यासारखे आहे. दुसरे समीकरण रोझेटाच्या दगडावर नव्हते. ते फिले येथून इंग्लंडला नेलेल्या एका स्तंभावर होते. त्यावरील लेखाची छापील प्रत जानेवारी १८२२ मध्ये शांपोल्योंच्या हाती आली. तीत क्लिओपात्रा हे नाव होते. 'किल्ली' म्हणायचेच असेल तर ती दोन दगडांत विभागलेली होती.

दोन नावांचे गणित सुंदर आहे. टॉलेमीचे नाव इजिप्शियन चिन्हांत साधारण 'प-त-ओ-ल-म-इ-स' असे येते, क्लिओपात्राचे 'क-ल-इ-ओ-प-अ-त-र-अ' असे. दोन्हींत 'प', 'ओ' आणि 'ल' आहेत. टॉलेमीतील पहिले, तिसरे आणि चौथे चिन्ह क्लिओपात्रामध्ये अनुक्रमे पाचव्या, चौथ्या आणि दुसऱ्या जागी यायला हवे. ते तसेच येते. पण 'त' जुळत नाही. एकीकडे पावाचे चिन्ह आहे, दुसरीकडे हाताचे. येथे दोनच शक्यता उरतात. एक तर सारा तर्क चुकला, किंवा एकाच ध्वनीला दोन चिन्हे आहेत. शांपोल्योंने दुसरी शक्यता धरली. आपण 'श' आणि 'ष' जवळजवळ सारखेच उच्चारतो, पण दोन अक्षरे लिहितो, तसे. मात्र केवळ धरून तो थांबला नाही. मिळालेले ध्वनी घेऊन त्याने अलेक्झांडर, बेरेनीस आणि रोमन सम्राट यांची नावे वाचून पाहिली. अर्थपूर्ण नावे मिळत गेली आणि प्रत्येक नावाने नवी चिन्हे दिली.

प्रसिद्ध पत्रात नेमके काय आहे?

हे सर्व ज्यात मांडले ते 'मस्यू दासिए यांस पत्र' पॅरिसच्या अकादमीपुढे २७ सप्टेंबर १८२२ रोजी वाचले गेले. श्रोत्यांत खुद्द यंग होता. चित्रलिपी वाचली गेली ती याच दिवशी, असे मानण्याचा प्रघात आहे. पत्राचे पूर्ण शीर्षक वाचले तर मात्र वाचक थबकेल. ग्रीक आणि रोमन राजांची नावे व बिरुदे लिहिण्यासाठी वापरलेल्या ध्वनिचिन्हांविषयीचे ते पत्र आहे. इजिप्शियन भाषा वाचता आली असा दावा त्यात नाही. ध्वनिचिन्हांची पद्धत ग्रीकांच्या आधीपासून असावी, एवढा निर्देश शेवटी येतो.

टीकाकाराच्या नजरेने पाहिले तर पत्रात तीन उणिवा दिसतात. पहिली, यंगच्या टॉलेमीविषयीच्या कामाला त्यात द्यावे तेवढे श्रेय नाही. यंग दुखावला आणि १८२३ मध्ये त्याने स्वतंत्र पुस्तक लिहून आपली बाजू मांडली. दुसरी, एका वर्षापूर्वीचे आपले विरुद्ध मत का बदलले, हे शांपोल्यों वाचकाला सांगत नाही. तिसरी उणीव बोधप्रद आहे. देंदेरा येथील मंदिराच्या छतावरील राशिचक्र हजारो वर्षे जुने असल्याचे दावे तेव्हा गाजत होते. त्याच्या चित्रातील एका कार्तुशात 'सम्राट' या अर्थाचे ग्रीक बिरुद वाचून शांपोल्योंने ते रोमन काळातले ठरवले. पुढे १८२८ मध्ये तो स्वतः देंदेराला गेला, तेव्हा तेथील कार्तुशे कोरी होती! छापलेल्या चित्रातली अक्षरे मूळ जागी नव्हतीच. राशिचक्र फार प्राचीन नाही हे अनुमान टिकले. आज ते इ. स. पू. पहिल्या शतकातले मानतात. पण त्यासाठी दिलेला पुरावा कोसळला. बरोबर उत्तर, चूक कारण, येथेही तेच.

खरी झेप १८२४ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात आहे. सप्टेंबर १८२२ मध्येच त्याच्यापुढे अबू सिंबेलच्या मंदिरातील एक कार्तुश आले होते. त्यात सूर्याचे चिन्ह, मग एक चिन्ह आणि शेवटी दोनदा 'स'. सूर्याला कॉप्टिकमध्ये 'रे' म्हणतात. मधले चिन्ह रोझेटाच्या लेखात जन्मदिवसाच्या संदर्भात आले होते आणि कॉप्टिकमध्ये जन्म देणे म्हणजे 'मिसे'. रे-मे-से-स, रामसेस! हा ग्रीक नव्हता, रोमनही नव्हता. क्लिओपात्राच्या हजाराहून अधिक वर्षे आधीच्या अस्सल इजिप्शियन राजाचे नाव भावचिन्ह आणि ध्वनिचिन्हे यांच्या मिश्रणाने लिहिलेले होते. भिंत पडली ती येथे. आनंदाच्या भरात शांपोल्यों भावाकडे धावला आणि बेशुद्ध पडला ही लोकप्रिय कथा नंतरच्या चरित्रांतून आली आहे. पत्रात तिचा मागमूस नाही.

१८२४ च्या ग्रंथात तो एक साधी मोजणी देतो. रोझेटाच्या दगडावर चित्रलिपीची १४१९ चिन्हे उरली आहेत, तर त्यांच्याशी जुळणाऱ्या ग्रीक मजकुरात ४८६ शब्द आहेत. एक चिन्ह म्हणजे एक कल्पना असे असते, तर चिन्हे शब्दांच्या जवळजवळ तिप्पट कशी? ही मोजणी दगड सापडल्यापासून कोणालाही करता आली असती. तिला ग्रीक पांडित्य लागत नाही आणि कॉप्टिकही लागत नाही. बेशुद्ध पडण्याच्या कथेऐवजी ही मोजणी वर्गात सांगावी, असे आम्ही सुचवतो.

चुकीला जागा असलेली रीत

रामसेसचे वाचनही पूर्ण बरोबर नव्हते. मधल्या चिन्हाला शांपोल्यों 'म' समजला. वस्तुतः ते एकटेच 'म-स' ही दोन व्यंजने दाखवते आणि पुढचा 'स' वाचकाच्या सोयीसाठी पुन्हा लिहिलेला असतो. हे १८३७ मध्ये जर्मन विद्वान लेप्सिउस याने दाखवून दिले. तेव्हा शांपोल्योंला जाऊन पाच वर्षे झाली होती. या लिपीत स्वर लिहिले जात नाहीत हेही हळूहळू स्पष्ट झाले. 'क-म-ल' एवढेच लिहिले, तर वाचणारा 'कमल' वाचेल, 'कमाल' वाचेल किंवा 'कोमल'. म्हणून इजिप्शियन लेखक शब्दाच्या शेवटी न उच्चारायचे एक निर्धारक चिन्ह जोडत. आपल्या उदाहरणात होडीपुढे पाणी काढले तर ती तरंगणारी नाव, माणूस काढला तर माणसाचे नाव.

मग होरापोलोची कारणे चूक आणि शांपोल्योंचीही काही चूक, तर दोघांत फरक काय? फरक असा की शांपोल्योंचे म्हणणे तपासता येत होते. होरापोलोच्या रीतीने कोणत्याही चित्राला कोणताही उदात्त अर्थ देता येतो आणि तो चुकला हे सिद्ध करण्याचा मार्गच उरत नाही. शांपोल्योंच्या रीतीने नवा शिलालेख वाचायला घेतला की एक तर अर्थ लागतो किंवा लागत नाही. १८६६ मध्ये टॅनिस येथे रोझेटासारखाच आणखी एक ठराव सापडला. तो इ. स. पू. २३८ चा, त्याच दोन भाषांत आणि तीन लिप्यांत, आणि चित्रलिपीचा भाग मोठा व सुस्थितीत. विद्वानांनी चित्रलिपीतील मजकूर वाचला आणि तो ग्रीक मजकुराशी जुळला. ज्या दगडावरून रीत तयार झाली नव्हती त्या दगडावर ती खरी ठरली. विज्ञानाच्या शिक्षकाला यापेक्षा चांगले उदाहरण कोठे मिळणार? आश्चर्य म्हणजे रोझेटाची गोष्ट सांगणाऱ्या लेखनात १८६६ हे साल क्वचितच येते.

गोष्टीत आणखी एक जागा रिकामी असते, ती खुद्द इजिप्तच्या लोकांची. सैनिक फ्रेंच, विद्वान फ्रेंच, इंग्रज, जर्मन आणि दगड १८०२ पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. पण ज्या भाषेने रामसेसचे नाव उघडले ती कॉप्टिक भाषा इजिप्तच्या ख्रिस्ती समाजाने प्रार्थनेत जपून ठेवली होती. पॅरिसमध्ये शांपोल्योंला तिचा उच्चार शिकवणारा युहन्ना शिफ्तिशी हा इजिप्तचा धर्मगुरू होता. त्याचे नाव गोष्टीत येत नाही. दगड परत मिळावा ही इजिप्तमधून होणारी मागणी समजून घेतानाही ही रिकामी जागा लक्षात ठेवावी लागते.

आपल्याकडे या साऱ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. सिंधू लिपी वाचल्याचे दावे वर्तमानपत्रांतून वारंवार येतात. तेथे भाषा कोणती हे निश्चित नाही, द्विभाषी लेख मिळालेला नाही आणि बहुतेक लेख पाच-सहा चिन्हांचेच आहेत. एखादा दावा खरा की खोटा हे ठरवणे शाळेत कोणाला शक्य नाही. पण दोन प्रश्न नववीचा विद्यार्थीही विचारू शकतो. ज्या लेखांवरून ही रीत बसवली ते सोडून इतर लेख तिने वाचता येतात का? आणि हे वाचन चुकीचे असेल तर ते आपल्याला कशावरून कळेल? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर आपल्यापुढे होरापोलोच पुन्हा उभा आहे असे समजावे.

वर्गात हे करून पाहता येईल. टॉलेमी आणि क्लिओपात्रा यांची कार्तुशे फळ्यावर काढावीत. ध्वनी सांगू नयेत, फक्त दोन नावे सांगावीत. 'त' जुळत नाही म्हणून मुले अडली की लगेच उत्तर देऊ नये. कोणी म्हणेल नाव चुकले, कोणी म्हणेल चित्र चुकले, कोणी म्हणेल दोन 'त' असतील. मग अलेक्झांडरचे कार्तुश काढावे आणि आपापले म्हणणे त्यावर तपासून पाहायला सांगावे. एका तासिकेत एवढे सहज होते. लिपी वाचणे म्हणजे काय हे त्या तासिकेत जेवढे कळेल तेवढे सुरुवातीच्या त्या चार वाक्यांतून कळत नाही.